डाव सांगा, गुरुजी

जत्रेच्या आखाड्यात माईक धरून मला पंचवीस वर्षं झाली. नोकरी प्राथमिक शिक्षकाची. निम्मी शिरूर तालुक्यात गेली, निम्मी दौंड तालुक्यात, मधे भीमा. न्हावऱ्याहून चौफुल्याला जाणारा रस्ता पारगावजवळ नदी ओलांडतो. त्या रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या गावांत चैत्र-वैशाखात जत्रा सुरू झाल्या की मला बोलावणी यायची. मानधन म्हणजे नारळ, टॉवेल-टोपी आणि पंगतीतलं जेवण. पण घसा बसेपर्यंत बोलायचो.

शहरातल्या वाचकाला हे काम जरा समजावून सांगतो. हगाम्याच्या फडात हजार-दोन हजार माणूस गोल करून बसलेलं असतं. दोन पैलवान आत येतात. दोघेही लाल मातीनं माखलेले, दोघांचेही कान मोडलेले. लांबून बघणाऱ्याला दोघं सारखेच. मग निवेदक बोलतो : "डाव्या हाताचा गेल्या साली याच मैदानात तिसऱ्या मिनिटाला ढाकेवर पडला होता. वर्षभर त्यानं ढाकेची तोड घोटलीय. समोर उभा आहे तो तोच, ज्यानं त्याला पाडलं होतं." झालं. आता कुणी तंबाखू मळायला खाली मान घालत नाही. दोन अनोळखी पोरांची कुस्ती एका वाक्यात सगळ्या गावाची कुस्ती होते. निवेदकाचं काम एवढंच. समोर काय चाललंय आणि ते का बघायचं, हे सांगणं.

हे काम मला येतं असा माझा समज होता. तो एका सतरा वर्षांच्या पोरीनं उतरवला.

२०१८ च्या चैत्रातली गोष्ट. 'दंगल' सिनेमा येऊन वर्ष-सव्वा वर्ष झालं होतं आणि गावोगावच्या जत्रा कमिट्यांना मुलींच्या कुस्त्या लावायची हौस आली होती. नदीकाठच्या एका गावात मुलींच्या दोन कुस्त्या ठरल्या. वेळ दिली साडेतीनची, ऊन रणरणत असताना. मोठ्या कुस्त्या पाचनंतर. पहिली जोड मैदानात आली. मी माईक घेतला आणि सुरू झालो :

"मंडळी, एका गरीब शेतकऱ्याची लेक! बापाला दोन एकर कोरडवाहू. आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. अशा परिस्थितीतून ही रणरागिणी मैदानात उतरली आहे. जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत!"

टाळ्या झाल्या. तेवढ्यात कमिटीतल्या एकानं देणगीदारांची यादी हातात दिली. कुस्ती सुरू होती आणि मी यादी वाचत होतो. सातवं की आठवं नाव वाचताना गलका झाला. मान वर केली तर एक पोरगी चितपट पडलेली आणि दुसरी उठून माती झटकत होती. मी म्हणालो, "शाब्बास! वाघीण आहे वाघीण!" आणि पुढचं नाव वाचायला घेतलं.

संध्याकाळी हगामा फुटल्यावर ती पोरगी माझ्याकडे आली. खांद्यावर टॉवेल, मागं तिचे आजोबा.

"गुरुजी, मघाशी तुम्ही माझ्या आईचं सांगितलं, बापाचं सांगितलं. डाव सांगितलाच न्हाई."

मी ओशाळलो. म्हणालो, "कोणता गं मारलास?"

"म्हंजी तुम्ही बघितलंच न्हाई?"

आजोबा मधे पडले. "जाऊ दे गं बाय. गुरुजींना लई कामं असत्यात."

ती जागची हलली नाही. मग तिनंच सांगितलं. समोरची मुलगी तिच्यापेक्षा चार-पाच किलोनं भारी. आधी दोनदा तिला हरवून गेलेली. ही उभ्यानं लढायला गेली की मार खायची. म्हणून चार महिने तालमीतल्या पोरांबरोबर एकच गोष्ट घोटली : एकेरी पट काढायचा, तिला खाली घ्यायचं आणि उठायच्या आत घिस्सा मारायचा. त्या दिवशी तो पहिल्यांदा बसला. चार महिन्यांत पहिल्यांदा. आणि त्याच वेळी मी कुणाच्या तरी स्मरणार्थ पाचशे एक रुपये वाचत होतो.

जाताना ती म्हणाली, "आन् माझी आई खुरपायला जाती हे समद्या गावाला म्हाईत हाय. त्यात सांगण्यासारखं काय हाय?"

त्या रात्री मला झोप आली नाही. माझ्याकडे एक लाल बाइंडिंगची वही आहे. पंचवीस वर्षांतल्या कुस्त्या तिच्यात आहेत. पैलवानाचं नाव, गाव, वस्ताद, कुणाला पाडलं, कुणाकडून पडला, कोणत्या डावावर. दीडशेच्या वर पानं भरलेली. मी उठून ती चाळली. तिच्यात एकाही मुलीचं पान नव्हतं. मुद्दाम वगळलं होतं असं नाही. लिहावं असं कधी वाटलंच नव्हतं. मुद्दाम वगळलं असतं तर निदान भांडायला काही जागा राहिली असती.

आता माझा मुद्दा सांगतो. मुलींच्या खेळाला माणसं का येत नाहीत, यावर आपल्याकडे फार बोललं जातं आणि बहुतेक सगळं चुकीचं बोललं जातं.

पहिलं म्हणतात, लोकांना आवडच नाही. हे खोटं आहे. हमीदा बानूचं नाव आज फारसं कुणाला माहीत नाही. १९५० च्या दशकात ही बाई पुरुष पैलवानांशी लढायची. १९५४ साली बडोद्यात तिनं बाबा पहिलवानाला १ मिनिट ३४ सेकंदांत पाडलं. माणसं तिला बघायला लोटायची. मग कोल्हापुरात एक पुरुष मल्ल तिच्याकडून हरल्यावर लोकांनी दगड मारले आणि पुण्यात ठरलेली तिची एक कुस्ती संघटनेच्या हट्टापायी रद्द झाली. तिकडे इंग्लंडातही हेच. १९२० च्या नाताळात लिव्हरपूलच्या मैदानावर बायकांचा फुटबॉल सामना बघायला त्रेपन्न हजार माणूस आलं होतं. वर्षभरात तिथल्या फुटबॉल संघटनेनं आपल्या मैदानांवर बायकांना खेळायला बंदी घातली आणि ती पन्नास वर्षं टिकवली. आधी आवड मोडायची आणि मग म्हणायचं, आवडच नव्हती. शेताचं पाणी तोडायचं आणि वर म्हणायचं, रानच नापीक.

हमीदाची गोष्ट आणखी एका कारणासाठी सांगितली. तिच्याबद्दल बाजारात सगळ्यात जास्त खपलेली गोष्ट कोणती? तर 'मला हरवेल त्याच्याशी लग्न करीन' ही तिची पैज. लग्नाची पैज लोकांना पाठ, पण बडोद्यात त्या दीड मिनिटात तिनं कोणता डाव टाकला, हे विचारायला जा, सांगणारा सापडत नाही. सत्तर वर्षांपूर्वी बाईच्या लग्नाची गोष्ट विकली, आज आपण तिच्या गरिबीची विकतो. खेळाची गोष्ट तेव्हाही गाळली, आजही गाळतो.

दुसरं म्हणतात, मुलींचा खेळ तेवढ्या दर्जाचा नसतो. हे म्हणणाऱ्यांनी जत्रेत दुपारी एकला येऊन बसावं. तेव्हा रेवड्यांवरच्या कुस्त्या चालतात. आठ-आठ वर्षांची पोरं एकमेकांच्या चड्ड्या ओढत असतात. दर्जा काय कपाळाचा? पण फड भरलेला असतो, कारण एक पोरगं वरच्या आळीचं आणि दुसरं खालच्या आळीचं असतं आणि दोघांच्या आज्यांचं पाण्यावरून भांडण असतं. माणूस दर्जासाठी येत नाही. खेळणारं कोण आहे आणि हरलं तर कुणाचं काय जाणार आहे, हे माहीत असतं म्हणून येतो. दर्जाची समज नंतर, बघून बघून येते.

तिसरं म्हणतात, आधी पदकं आणू द्या, मग माणसं आपोआप येतील. हे तर अगदीच फोल आहे. ७ ऑक्टोबर २०२३ ला चीनमधल्या हांगझोच्या आशियाई स्पर्धेत भारताचं शंभरावं पदक आलं. शंभर पदकं झाली म्हणून टीव्हीवर केवढा जल्लोष झाला. ते पदक कशाचं होतं? महिला कबड्डीचं सुवर्ण. समोर चायनीज तैपेई, निकाल २६–२५. एका गुणाचा खेळ! कर्णधार रितू नेगी, आणि संघात आपल्या पुण्याची स्नेहल शिंदे. मी आमच्या पारावर विचारलं, शंभरावं पदक कशाचं होतं? चौघांना शंभरचा आकडा आठवत होता, कबड्डी एकालाच आठवली आणि एका गुणाची गोष्ट कुणालाच नाही. कबड्डी म्हणजे आमच्या शिरूर-दौंडच्या गल्लीगल्लीतला खेळ. पुरुषांनी असा सामना एका गुणानं जिंकला असता, तर शेवटच्या चढाईत कुणाचा पाय कुठं होता, यावर अजून चहा झाला असता.

त्याच्या आधीचं ऐका. २०१६ मध्ये प्रो कबड्डीच्या जोडीनं महिलांची तीन संघांची स्पर्धा भरवली होती. अंतिम सामना स्टॉर्म क्वीन्सनं फायर बर्ड्सवर २४–२३ असा जिंकला, पुन्हा एकाच गुणानं. यापेक्षा चांगला सामना कोण कुणाला देणार? पुढच्या हंगामात ती स्पर्धाच नव्हती. बायांना बघायला माणसं नाहीत, हेच कारण लोक पुढं करतात. अरे, पण पुरुषांच्या खेळाडूंची नावं, टोपणनावं, कोण कुणाला भारी, हे रोज रात्री घोकून घेतल्यावर ते आमच्या पोरांच्या तोंडी बसलं. बायांसाठी ते कुणी आणि किती दिवस केलं? बी टाकून दुसऱ्या दिवशी माती उकरून बघायची आणि उगवलं नाही म्हणून रान सोडून द्यायचं, असला प्रकार.

पदकानं कौतुक होतं. आणि कौतुक करणारा माणूस व खेळाचा शौकीन यांत फार अंतर आहे. कौतुक करणारा टाळी वाजवतो आणि घरी जातो. शौकीन विचारतो, पुढची कुस्ती कधी?

शौकीन कसे तयार होतात, हे महाराष्ट्राला नव्यानं शिकवायला नको. १९५९ साली श्रीपती खंचनाळे पहिले हिंदकेसरी झाले. १९७७ ला हरिश्चंद्र बिराजदारांनी बेळगावात सतपालला पाडलं. या कुस्त्या ज्यांनी डोळ्यांनी बघितल्या ती माणसं आता मोजकी उरली. पण आमच्या भागातल्या तालमीत विशीतलं पोरगंही बिराजदार-सतपाल कुस्ती अशी सांगतं की जणू ते पहिल्या रांगेत बसलं होतं. त्याला आजोबानं सांगितली, आजोबाला कुणी तरी बाजारात सांगितली. सांगताना कुणी म्हणत नाही की बिराजदारांच्या घरी काय हलाखी होती. सांगतात ते सतपाल केवढा ताकदवान होता आणि तो कसा पडला. पुरुषाची गोष्ट समोरच्या पैलवानापासून सुरू होते. बाईची गोष्ट घरच्या चुलीपासून सुरू होते आणि बऱ्याचदा तिथंच संपते.

ललिता बाबरचं उदाहरण घ्या. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोहीची. तिच्यावर जे लिहिलं गेलं त्यात दुष्काळ आहे, पाण्याचे हंडे आहेत, लांबची शाळा आहे. सगळं खरं आहे. पण ही बाई आधी मॅरेथॉन पळणारी. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत लागोपाठ तीनदा पहिली आली आणि मग तिनं ४२ किलोमीटर सोडून ३ हजार मीटरची अडथळ्यांची शर्यत धरली. ही म्हणजे तालमीत लांब दमाच्या गड्यानं झटपट डावाची कुस्ती शिकण्यासारखी गोष्ट. २०१६ ला रिओ ऑलिंपिकच्या प्राथमिक फेरीत तिनं ९ मिनिटं १९.७६ सेकंद असा राष्ट्रीय विक्रम करून अंतिम फेरी गाठली. १९८४ च्या पी. टी. उषानंतर धावपट्टीवर वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचलेली ती पहिली भारतीय बाई. अंतिम फेरीत दहावी आली. आता मला सांगा, मॅरेथॉनचा दम शेवटच्या दोन फेऱ्यांत कामाला आला का? पाण्याच्या खड्ड्यावरून उडी मारताना तिचा कोणता पाय पुढे असायचा? हे कुणी सांगितलं असतं तर पुढची शर्यत लागल्यावर मी रात्री जागलो असतो. हंड्याच्या गोष्टीनं माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण रात्री जागवलं नाही.

कुणी म्हणेल, गुरुजी, मग परिस्थिती सांगायचीच नाही का? मुलींना घरून किती अडवतात, ते झाकायचं का? झाकू नका. आमच्या शिरूर भागात उसात बिबटे आहेत. पहाटे पाचला पोरीला पळायला एकटीला पाठवायला कोणती आई धजेल? दौंडहून पुण्याला सरावाला जाणारी पोरगी शटलमध्ये उभ्यानं जाते आणि अंधार पडल्यावर उतरते. तिला घ्यायला घरचं कुणी तरी स्टेशनवर थांबावंच लागतं. हे सांगा, जोरात सांगा. पण ते ग्रामपंचायतीत सांगा, आमदाराला सांगा, शाळा समितीत सांगा. जिथं रस्ता, दिवा आणि एसटी मागायची, तिथं परिस्थितीचं काम आहे. मैदानात ती पोरगी उतरते तेव्हा ती कीव मागायला आलेली नसते. समोरच्या पोरीला पाडायला आलेली असते. तिथं खेळ सांगा.

गरिबीच्या गोष्टीची आणखी एक खोड आहे. ती पदकापाशी संपते. गरीब होती, कष्ट केले, पदक आलं, सत्कार झाला, फोटो निघाला. ऐकणाऱ्याला पुढे विचारायला काही उरतच नाही. आणि जी पदक न आणता हरते, तिची तर गोष्टच होत नाही. खेळाची गोष्ट हरण्यावरही पुढे चालते. कशानं हरली, आता काय करणार, परत गाठ कधी, हे लोक विचारत राहतात. आमच्या मैदानातले निम्मे लाडके पैलवान शेवटची कुस्ती हरलेले आहेत.

क्रिकेटच्या पोरींचं बघा म्हणजे माझं म्हणणं पटेल. ३० ऑक्टोबर २०२५ ला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियानं ३३८ धावा केल्या. त्याच स्पर्धेत एका सामन्यातून वगळलेली जेमिमा रॉड्रिग्स तिसऱ्या क्रमांकावर आली आणि नाबाद १२७ करून सामना जिंकून गेली. तीन दिवसांनी नवी मुंबईत भारतानं दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक घेतला. दुसऱ्या दिवशी आमच्या गावातल्या सलूनमध्ये वाद काय चालला होता? जेमिमाला आधी वगळलं ते बरोबर की चूक. तिच्या घरची परिस्थिती कुणी काढली नाही. दाढीला बसलेला गडी बायकांच्या संघनिवडीवर तावातावानं भांडत होता! हे एका रात्रीत झालं नाही. चेंडू न् चेंडू सांगणारी माणसं वर्षानुवर्षं बोलत होती, म्हणून झालं. कुस्ती, कबड्डी, खो-खो हे तर आपले खेळ. १९ जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या मुलींनी नेपाळला ७८–४० असं हरवलं, कर्णधार आपली प्रियांका इंगळे. आपल्या खेळांचं सांगणं आपल्यालाच करावं लागणार. त्यासाठी मुंबईहून कुणी येणार नाही.

त्या पोरीचं पुढं काय झालं, ते सांगतो. मी वहीत नवं पान काढलं. वर तिचं नाव, गाव. पुढच्या वर्षीच्या जत्रेआधी तिला फोन केला. फोन आजोबांनी उचलला. म्हणाले, "गुरुजी, बारावी झाली आन् स्थळ चांगलं आलं. माघात लगीन उरकलं." मग म्हणाले, "लई आठवण काढती वो तालमीची." तिच्याशी बोलणं झालं तेव्हा मी आधीच्या सगळ्या कुस्त्या विचारून घेतल्या. तिनं चारच सांगितल्या. बाकीच्या आठवत नाहीत म्हणाली. "कुनी कधी इचारल्याच न्हाईत, गुरुजी. इचारलं असतं तर ध्यानात ऱ्हायल्या असत्या."

त्या पानावर चार ओळी आहेत. लोक तिला ओळखत असते, तिच्या पुढच्या कुस्तीची वाट बघत असते, तर लग्न थांबलं असतं का? मी असं म्हणणार नाही. पण ज्या पोराच्या कुस्तीची गाव वाट बघतं, त्याच्या बापाला पोराची तालीम सोडवताना चार माणसं आडवी येतात. वस्ताद येतो, सरपंच येतो, पानटपरीवाला येतो. त्या पोरीच्या आड कुणी आलं नाही, कारण कुणाचं काही जात नव्हतं. सांगणाऱ्यानं तिचा घिस्सा सांगितला असता, तर निदान चार माणसांचं काही तरी गेलं असतं. आणि सांगणारा मी होतो.

२०१९ ला त्याच गावात मी कमिटीशी भांडलो. म्हणालो, मुलींची कुस्ती साडेतीनला लावायची असेल तर माईक दुसऱ्याला द्या. बरीच घासाघीस झाली. "बाप्ये उठून जातील," असं एक जण म्हणाला. शेवटी मुलींची एक कुस्ती शेवटच्या कुस्तीच्या आधी, दिवस कलताना लावायची ठरली. त्या दोन मुलींच्या वस्तादांना मी आठवडाभर आधी भेटून आलो. एक नदीच्या अलीकडची, एक पलीकडची. माईकवर मी घर-दार काही काढलं नाही. सांगितलं ते एवढंच : "अलीकडची पट चांगला काढते. पलीकडचीनं आजवर कुणाला पट दिलेला नाही. बघू या."

काही बाप्ये उठून चहाला गेले. खोटं कशाला सांगू? पण बरेचसे बसले. आठ मिनिटं कुस्ती चालली. अलीकडचीनं चारदा पट काढायला हात घातला, चारदा तो सुटला. पाचव्यांदा तिनं पट सोडून आतली टांग लावली आणि पलीकडची पडली की नाही यावर फड उठला. पंचानं कुस्ती दिली. दौंडच्या अंगाचा एक म्हातारा काठी घेऊन आत आला आणि "खांदा टेकला न्हाई! पंच इकला गेला!" म्हणून ओरडायला लागला. त्याला चौघांनी धरून बाहेर काढला. कमिटीवाले माझ्यावर चिडले. मला मात्र एवढा आनंद झाला की सांगता येत नाही. पंचवीस वर्षांत पोरीच्या कुस्तीवर कुणी पंचाला शिवी दिलेली मी पहिल्यांदा ऐकली. त्या म्हाताऱ्याचं काही तरी गेलं होतं.

पुढची दोन वर्षं कोरोनात जत्राच झाल्या नाहीत. त्यानंतर दिवस बदलले. मार्च २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं गदा घेतली. पुरुषांची स्पर्धा १९६१ पासूनची. बायकांना गदेपर्यंत पोचायला बासष्ट वर्षं लागली. २०२५ ला वर्धा जिल्ह्यातल्या देवळीत कोल्हापूरच्या अमृता पुजारीला हरवून हा मान भाग्यश्री फंडनं घेतला. ही श्रीगोंद्याची. श्रीगोंदा म्हणजे आमच्या दारातला तालुका. शिरूरहून घोड ओलांडली की श्रीगोंदा, दौंडहून भीमा ओलांडली की श्रीगोंदा. शिरूरच्या स्टँडजवळ चहा पिताना मी मुद्दाम विषय काढला. तिघांनी तिचं नाव बरोबर सांगितलं. छाती भरून आली. मग विचारलं, जिंकली कशी? तिघंही गप्प. समोर कोण होती? पुन्हा गप्प. नाव पोचलं, खेळ अजून नदी ओलांडायचा आहे.

म्हणून हात जोडून नाही, हक्कानं सांगतो. जत्रा कमिट्यांनी मुलींच्या कुस्त्या उन्हात उरकू नयेत आणि फ्लेक्सवर जोड आधी छापावी. निवेदकांनी परिस्थिती शेवटी सांगावी. वेळ उरला नाही तर राहू द्यावी. वार्ताहरांनी 'शेतकऱ्याच्या लेकीचं यश' असा मथळा देण्याआधी ती कुणाला, किती गुणांनी आणि कशी हरवून आली, ते विचारावं. आणि जी हरली तिचंही नाव छापावं. पुढची गोष्ट तिच्यात असते. शिक्षकांनी शाळेच्या संघाची वही ठेवावी, पोरांची आणि पोरींची एकच. लग्न कधी, हा प्रश्न मैदानात कुणी विचारू नये. आणि आजोबांनो, पारावर बिराजदार-सतपाल सांगून झाली की त्याच बैठकीला एक कुस्ती पोरीचीही सांगा. नात ऐकत असते.

माझ्या वहीत आता मुलींची एकोणीस पानं आहेत. डोळ्यांनी कमी दिसतं, म्हणून नव्या नोंदी नातीकडून लिहून घेतो. परवा लिहिताना तिनं विचारलं, "आजोबा, या चार ओळीवाल्या ताईचं पान अर्धं रिकामं आहे, त्याच्याखाली दुसरीचं लिहू का?"

म्हटलं, नको. दुसरीला नवं पान घे.